समृद्ध मिश्रण (जुन्या मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरमधील)

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणारा भाग; त्यात हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त असलेले मिश्रण. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र १२.५ ते १३ भाग हवेच्या आसपास मिळते. त्यामुळे थोडी समृद्धी हा दोष मानत नाहीत, आणि हवेने थंड होणाऱ्या लहान टू-स्ट्रोक इंजिनात तर ती पिस्टन जाम होण्यापासून संरक्षणही देते. प्लग वारंवार काळा पडणे, धूर, पेट्रोलचा वास, पिक-अप मंदावणे आणि मायलेज घसरणे ही लक्षणे दिसू लागली की समृद्धी दोषाच्या पातळीला पोहोचली असे समजतात. या नोंदीत प्रामुख्याने म्हैसूर येथे १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या जावा व येझदी आणि १९८५ पासून भारतात बनलेली यामाहा आरएक्स १०० यांसारख्या गाड्यांवरील स्लाइड-प्रकारच्या (हवेची वाट वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याने उघडणाऱ्या) कार्ब्युरेटरांचा विचार केला आहे.

प्रवाहाचा वेग वाढला की त्यातील दाब घटतो हे दानिएल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडले, तर आवळलेल्या नळीतील प्रवाहाविषयीचे जोव्हान्नी व्हेंतुरी यांचे संशोधन १७९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या तत्त्वाचा, म्हणजे अरुंद मार्गात हवेचा दाब घटून पेट्रोल ओढले जाण्याचा, इंजिनात प्रथम वापर कोणी केला याविषयी एकमत नाही. कार्ल बेंझ यांच्या १८८५-८६ मधील तीनचाकीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाताना वाफ उचलून नेत असे. साहजिकच मिश्रणाचे प्रमाण पेट्रोलच्या तापमानावर आणि शिल्लक साठ्यावर अवलंबून राही. तोटीतून पेट्रोलचा तुषार सोडणाऱ्या कार्ब्युरेटरचे श्रेय जर्मन ग्रंथांत सामान्यतः विल्हेल्म मायबाख यांना (१८९३) दिले जाते. हंगेरीतील दोनात बांकी व यानोश चोंका यांनी मात्र ११ फेब्रुवारी १८९३ रोजी, म्हणजे मायबाख यांच्या काही महिने आधी, पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांना ही कल्पना फुलांवर पाणी शिंपडणाऱ्या फुलविक्रेत्या मुलीवरून सुचली, अशी कथा प्रचलित असली तरी ती आख्यायिका मानणेच इष्ट. ब्रिटिश लेखक एडवर्ड बटलर यांच्या १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील तीनचाकीकडे बोट दाखवतात. तिच्यातही फ्लोटने (पेट्रोलची पातळी स्थिर राखणाऱ्या तरंगत्या डबीने) नियंत्रित तुषार होता असे ते मानतात. मायबाख व हंगेरियन जोडी यांच्यापुरता विचार केल्यास तारखांच्या आधारे हंगेरियन दावा अधिक भक्कम दिसतो. कारखानदारीत मात्र मायबाख यांच्या रचनेचा प्रसार अधिक झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तुषाराच्या या पद्धतीत पेट्रोलची पातळी तोटीच्या तोंडाखाली ठरावीक अंतरावर स्थिर ठेवावी लागते, आणि जुन्या गाडीतील समृद्धीचा शोध बहुतेक वेळा याच पातळीपाशी येऊन थांबतो.

मोटारसायकलींवर रूढ झालेली स्लाइड-पद्धत मुख्यतः ॲमल या ब्रिटिश कंपनीने (स्थापना १९२७) घडवली. जपानच्या मिकुनीने १९६० च्या सुमारास ॲमलच्या परवान्याखाली उत्पादन सुरू केले. आरएक्स १०० वरील कार्ब्युरेटर याच परंपरेतला आहे. जावावरील जिकोव्ह चेक बनावटीचा. थ्रॉटल (मूठ पिळून उघडणारी हवेची वाट) साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (मंद गतीसाठी पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) व हवेचा स्क्रू, एक-चतुर्थांशपर्यंत स्लाइडचा कापलेला भाग, त्यापुढे तीन-चतुर्थांशपर्यंत नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) व ती ज्यात खालीवर होते ते नीडल-जेट आणि शेवटी मेन जेट यांचे वर्चस्व असते. या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असल्या तरी गाडी कोणत्या टप्प्यात अडखळते हे पाहूनच निदानाला सुरुवात करणे योग्य. त्यासाठी मूठ व तिचे घर यांवर चिकटपट्टीच्या खुणा करून गाडी चालवून पाहतात.

त्याआधी समृद्धीसारखे भासणारे दोष वगळावे लागतात. जावाच्या ६ व्होल्ट यंत्रणेत बॅटरी उतरली किंवा पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क) झिजले की ठिणगी क्षीण होते आणि मिश्रण बरोबर असूनही प्लगवर काजळी धरते. क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल-सील गेले असल्यास इंजिन तिकडचे ऑइल ओढते. अशा वेळी धूर दाट व तेलकट येतो आणि प्लग कोरडा काळा न राहता ओला होतो. कार्बनने तुंबलेल्या सायलेन्सरमुळेही इंजिन मंद व जड चालते. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त मिसळले की धूर वाढतो, म्हणून मिश्रण समृद्ध झाले असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा घटल्याने मिश्रण विरळच (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होते. प्लगच्या रंगाचे जुने तक्तेही जपून वापरावेत, कारण ते शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहेत आणि भारतात २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल मिळते.

खात्री करण्याची सोपी चाचणी अशी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात पेट्रोलचा कॉक बंद करावा. फ्लोटच्या वाटीतील पातळी उतरताना इंजिन क्षणभर मोकळे, गुळगुळीत चालू लागले आणि मग बंद पडू लागले, तर मिश्रण समृद्ध होते. टू-स्ट्रोक गाडीत ही चाचणी लांबवू नये. विरळ मिश्रणावर पिस्टन फार लवकर तापतो.

समृद्धी सर्व टप्प्यांत जाणवत असेल तर प्रथम फ्लोट तपासतात. पितळी फ्लोट कानाजवळ हलवल्यास आत शिरलेले पेट्रोल ऐकू येते. गरम पाण्यात बुडवल्यास सूक्ष्म छिद्रातून बुडबुडे निघतात. डाग देऊन छिद्र बुजवताना शिसकथील कमीत कमी वापरावे लागते, अन्यथा वजन वाढून फ्लोट खोल बसतो आणि पातळी पुन्हा चढते. पेट्रोलची आवक बंद करणाऱ्या फ्लोटच्या पिनच्या निमुळत्या टोकावर भिंगातून गोल खाच दिसली तर पिन बदलणेच श्रेयस्कर. चोकची जागाही दुर्लक्षित राहते: मिकुनीत थंड सुरुवातीसाठी स्वतंत्र मार्ग असून त्याच्या दट्ट्याचे रबर कडक झाले की तो मार्ग कधीच पुरता मिटत नाही.

मधल्या टप्प्यातील समृद्धीचे कारण बहुधा नीडल-जेटची झीज असते. नीडल सतत थरथरत असल्याने पितळी जेटचे छिद्र हळूहळू मोठे व लंबगोल होते. छिद्र २.६० मिमी. व नीडलचा सरळ भाग २.५० मिमी. धरल्यास पेट्रोल जाण्याचे कडे सुमारे ०.४० चौ.मिमी. भरते, छिद्र अवघे ०.०५ मिमी. वाढले की ते सुमारे ०.६१ चौ.मिमी. होते. डोळ्यांना न दिसणारी झीज पेट्रोलची वाट दीडपट करते. नीडलची क्लिप वरच्या खाचेत बसवून नीडल खाली आणणे किंवा लहान मेन जेट घालणे हा प्रचलित उपाय झीज झाकतो, दूर करत नाही. शिवाय लहान मेन जेटमुळे पूर्ण थ्रॉटलला मिश्रण विरळ होऊन पिस्टन धोक्यात येतो. नीडल व जेट जोडीनेच बदलावेत.

हवेचा स्क्रू एअर-क्लीनरच्या बाजूस असल्यास बाहेर फिरवल्याने मिश्रण विरळ होते. तो इंजिनाच्या बाजूस असल्यास परिणाम उलट होतो. तुंबलेला एअर-क्लीनर आधी पाहावा हे सांगायला नकोच.

उंचीचा परिणाम दोष नव्हे. हवेची घनता घटते त्या प्रमाणात हवेचे वजन कमी होते, पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होते. त्यामुळे किनाऱ्यावर जुळवलेली गाडी महाबळेश्वरला (सुमारे १,३५० मी.) अंदाजे सहा टक्के समृद्ध चालते, तेवढ्यासाठी जेट बदलण्याचे कारण नाही.

अलीकडील इथेनॉल-मिश्रित पेट्रोलमुळे चित्र गुंतागुंतीचे झाले आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनास सुमारे १३.५ भागच हवा लागते, म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण विरळ होते. त्याच वेळी इथेनॉल जुनी रबरी सील फुगवते आणि पाणी शोषून जस्ताच्या मिश्रधातूच्या वाटीत पांढरी पूड तयार करते. ही पूड फ्लोटच्या पिनखाली अडकली की कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असल्यास कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.