डी-थ्रीची साठ हजारवाली कॅप्सूल आणि मनाची मरगळ : आमच्या ग्राहकांसाठी

जुलै उजाडला, आठ-आठ दिवस ऊन दिसेनासं झालं की कर्वेनगरच्या आमच्या औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते. “कशातच मन लागत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं. शेजारच्यांना डी-थ्रीने फरक पडला, मलाही ती साठ हजारवाली द्या.” डी-थ्री म्हणजे ड जीवनसत्त्व. काउंटरवर गर्दी असताना या विषयावर नीट बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

सगळ्यात आधी, ज्या एका चुकीपायी तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो ती. साठ हजार युनिटची कॅप्सूल किंवा पावडर आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नाही.

चिठ्ठीत बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात. “नाश्त्यानंतर एक” एवढंच लक्षात राहतं आणि हीसुद्धा रोज पोटात जाते. काही जण मात्र जाणूनबुजून रोज घेतात, मन लवकर ताळ्यावर यावं म्हणून. गेल्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या एका काकूंनी आठ आठवड्यांच्या आठ कॅप्सूल आठ दिवसांत संपवल्या आणि नवव्या दिवशी “जरा बरं वाटतंय, अजून द्या” म्हणत आल्या. आम्ही दिल्या नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, रक्तातलं कॅल्शियम तपासून घेतलं. ते ठीक निघालं, पण दोन दिवस अख्खं घर काळजीत होतं.

आठवड्याला एक कशी पुरते, असं पुष्कळ जण विचारतात. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. यकृतात त्याचं जे रूप तयार होतं (रक्ततपासणीत तेच मोजतात) ते निम्म्यावर यायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे रविवारी घेतलेली कॅप्सूल पुढच्या रविवारपर्यंत सहज पुरते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट आणि रोजची वरची मर्यादा ४,००० युनिट आहे. साठ हजार रोज म्हणजे त्या मर्यादेच्या पंधरा पट. असं बरेच दिवस चाललं की रक्तात कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, मुतखडा, आणि डोकंही गोंधळल्यासारखं होतं. मन ताजंतवानं व्हावं म्हणून घेतलेलं औषध मरगळ वाढवतं, ते असं.

आता मनाचा प्रश्न. डी कमी असलेल्या लोकांत उदासपणा जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. या जीवनसत्त्वाचे रिसेप्टर (पेशींमधल्या ज्या जागांना चिकटून ते काम करतं त्या) मेंदूतही असतात, त्यामुळे संबंध असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आधी काय आणि नंतर काय? ज्याचं मन खचलंय तो घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही, उन्हात जात नाही. त्याचं डी त्यामुळेही खाली येतं. गोळी देऊन बघण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला : पन्नाशी आणि त्यापुढची १८,३५३ माणसं, रोज २,००० युनिट, सुमारे पाच वर्षं. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. नैराश्य टाळण्यात खरी गोळी आणि नुसती दिसायला तशी गोळी, यांत फरक पडला नाही.

मग शेजारच्यांना बरं कसं वाटलं? त्यांचं डी खरोखर कमी असेल तर ते भरून निघाल्यावर अंगदुखी, मांड्यांतला अशक्तपणा, थकवा कमी होतो. अंग हलकं झालं की मनही हलकं वाटतं. हा फायदा खराच आहे, तो आम्ही रोज पाहतो. ज्यांचं डी पुरेसं आहे त्यांना मात्र वरून घेऊन काही मिळत नाही. आणि मरगळीमागे डीच असेल असंही नाही. पुण्यातल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघावं लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी “आता डी सुरू केलंय” म्हणून बंद करू नका. डी हा तिला पर्याय नाही. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर कॅप्सूल मागायला न येता डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदतीचा, क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आमच्या काउंटरवर तो मोठ्या अक्षरांत लावला आहे.

“रोज पहाटे तळजाईला फिरायला जातो, तरी डी कमी कसं?” कोवळ्या उन्हात त्वचेला लागणारे अतिनील किरण फारसे नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन कामाचं. काचेतून आलेलं चालत नाही. स्कूटरवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे घातले की तेही अडतं. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो. सकाळचं फिरणं तरीही सोडू नका, मनासाठी ते या कॅप्सूलपेक्षा जास्त काम करतं असं माझं मत आहे.

चिठ्ठीशिवाय साठ हजारवाली आम्ही देत नाही आणि एका वेळी चारच देतो, यावरून काही ग्राहक नाराज होतात. दुसरीकडे मिळते, हे आम्हाला माहीत आहे. पण दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडची नावं लिहिली आणि आत औषध एकच, कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे डी-थ्रीच), असं वरचेवर होतं. चिठ्ठी हातात असल्याशिवाय ते पकडता येत नाही. मुतखडा होऊन गेला असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा.

कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्या, तूप-तेल पोटात असलं की ती नीट शोषली जाते. पावडर दुधातून. महाग आणि स्वस्त ब्रँडमध्ये मूळ औषध तेच असतं, विचारलंत तर कमी किमतीचा आम्हीच काढून देऊ. कोर्स संपल्यावर पुढचा आपल्या मनाने सुरू करू नका. फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी, पंधराव्या दिवशी केलेली फुकट जाते.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक पट्टीवर आम्ही मार्करने वार लिहून देतो आणि त्या वारी सकाळी व्हॉट्सअॅपवर आठवण पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. घरात आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांची चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून दुपारी दोन ते चारमध्ये आणा, गर्दी नसते. दुसऱ्या दुकानातून घेतलेली असली तरी बघून, वार लिहून देऊ.