सातबारा वर, पाणी खाली

विहिरीत आडवं बोअर मारायचं तर यंत्र आत उतरवतात आणि कडेच्या खडकात लांबवर भोक पाडतात. ते शेजाऱ्याच्या बांधाखालून गेलं तरी वरून कुणाला दिसत नाही. मग त्यातून झिरपणारं पाणी कोणाचं?

१८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे सातबारा ज्याचा, पाणी त्याचं. भूमिहीनाचा त्यात विचारच नाही. जमिनीखाली पाणी कसं फिरतं ते कळणं अशक्य, अशीच त्या काळी इंग्लंडच्या न्यायालयांची समजूत होती.

आता ते बरंच कळतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. अखंड पाषाण पाणी धरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि भेगांत. झिजलेल्या बेसॉल्टच्या १०० घनमीटरमधून जेमतेम २ घनमीटर पाणी सुटतं, वाळूच्या गाळातून १५च्या आसपास. म्हणून आपल्याकडे २० मिलिमीटर पाणी मुरलं की विहीर मीटरभर चढते आणि तेवढंच उपसलं की मीटरभर उतरते. एका शेतातला उसाचा पंप बांधापलीकडच्या विहिरीला लगेच जाणवतो तो यामुळेच.

खोल भेगांतही पाणी असतं, पण त्या भरायला फार वेळ लागतो. शिवाय खोल बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढू शकतं.

महाराष्ट्राच्या १९९३च्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायला बंदी केली. २००९चा कायदा त्याहून पुढचा. तो पाणलोट आणि जलधर (पाणी धरून ठेवणारा जमिनीखालचा थर) हे एकक धरतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. मर्यादा शास्त्राला धरून आहे, यात वाद नाही. पण कायदा लागू व्हायला २०१४ उजाडलं आणि नियमांचा मसुदा यायला २०१८. रात्रीत दोन-तीनशे फूट खाली जाऊन सकाळी दुसऱ्या गावाला निघणाऱ्या बोअरच्या गाडीपुढे हा वेग कसा टिकणार?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं त्याआधीच शेतीसाठी बोअर बंद केले होते. तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि प्यायचं पाणी बाजूला काढून उरलेल्यात रब्बीचं काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं.