अंगणातील जाळीचे गटार

अंगण, ओटा, वाहनमार्ग अशा फरसबंद जागेवरचे पावसाचे पाणी एका रेषेत टिपून बाहेर काढणारी, जमिनीच्या पातळीत बसवलेली व वरून जाळीने झाकलेली अरुंद पन्हळ. बाजारात तिला ‘चॅनल ड्रेन’ किंवा ‘ट्रेंच ड्रेन’ म्हणतात. ती सहसा फाटकापाशी आडवी, गाडीच्या उताराच्या पायथ्याशी किंवा जोत्यालगत पागोळ्यांच्या रेषेत असते. शेणाने सारवलेल्या अंगणाला तिची गरज क्वचितच पडे. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट आले तशी पाणी मुरायची जागा गेली.

काम शेवटाकडून सुरू होते. पाणी कुठे सोडायचे आणि त्या जागेची पातळी किती, हे कळल्याशिवाय चर खणू नये. फसलेल्या गटारांपैकी बहुतेक इथेच फसतात : पन्हळ सुबक बसते, पण बाहेरचे नगरपालिकेचे गटार तिच्या तळापेक्षा उंच निघते. सांडपाण्याच्या चेंबरला किंवा सेप्टिक टँकला हे पाणी जोडू नये; पहिल्याच जोराच्या पावसात टाकी तुंबते आणि एरवी जाळीतून वास येतो. शोषखड्डा कोकणातल्या जांभ्यात चांगला चालतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, शिवाय ती फुगून पायाला धक्का देते. खड्डा पायापासून निदान ३ मी. लांब असावा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १०० चौ.मी. जागेवर तासाला १०० मिमी. वेगाने पाऊस पडला तर १०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ लिटर पाणी जमते. छपराचे पाणी अंगणात उतरत असेल तर तेही क्षेत्र धरावे. एवढ्याला १०० मिमी. रुंद व तेवढीच खोल पन्हळ आणि १:१०० उताराचा ११० मिमी. पीव्हीसी पाइप पुरतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, अशा दिवशी बाहेरचे गटारच भरलेले असते आणि पाणी उलटे आत येऊ शकते. तिथे पन्हळ मोठी करून भागत नाही, जोतेच उंच हवे.

फरशीला पन्हळीकडे १:६० उतार द्यावा (३ मी.ला ५ सेंमी.), पन्हळीच्या तळाला किमान १:२००. गवंडी पातळी पाण्याच्या नळीने काढतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की उतार चुकतो. तयार पन्हळ बहुधा १ मी. लांबीच्या तुकड्यांत मिळते. चर पन्हळीपेक्षा दोन्ही बाजूंना व खाली १०० मिमी. मोठा खणून, तळ ठोकून, १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटवर पहिला तुकडा पाणी बाहेर पडते त्या टोकाला बसवतात आणि तिथून वर चढत जातात. तुकड्यावरचा बाण वाहत्या पाण्याच्या दिशेने ठेवतात. बाजूंना काँक्रीट भरताना जाळ्या जागेवरच असाव्यात. नाहीतर भिंती आत दबतात आणि नंतर जाळी बसत नाही. जाळीवर प्लास्टिक अंथरले नाही तर सिमेंटची रबडी तळाशी घट्ट होऊन बसते.

जाळीचा माथा फरशीच्या ३ ते ५ मिमी. खाली हवा. वर राहिली तर पाणी तिला वळसा घालते आणि गाडीचे चाक तिला रोज उखडते. युरोपीय प्रमाणानुसार जाळ्यांचे भार पेलण्याप्रमाणे वर्ग असतात; ए १५ वर्ग पायी चालण्यापुरता. मोटारीखाली बी १२५ घ्यावा. स्वस्त प्लास्टिकची जाळी वाहनमार्गावर वाकते. लोखंडी घ्यायची तर जस्तलेपित. किनाऱ्यावर साधे लोखंड लवकर गंजते. काँक्रीटचा वाहनमार्ग उन्हाळ्यात प्रसरण पावतो, म्हणून त्याच्यात आणि पन्हळीत १० मिमी. सांधा सोडून डांबरी भरण करतात. तो नसेल तर पन्हळीच्या कडा तडकतात. पेव्हर ब्लॉकची जाळीलगतची ओळ वाळूवर न बसवता सिमेंटच्या मसाल्यात बसवावी.

पाणी बाहेर पडते त्या टोकाच्या तुकड्याला गाळपेटी लागतेच. ती नसेल तर आंब्याची पाने आणि ब्लॉकच्या सांध्यांतली कच थेट पाइपात जाते, आणि जमिनीखालचा पाइप साफ करणे जिकिरीचे. मृग नक्षत्राआधी जाळ्या उचलून गाळ काढावा, नंतर वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतावे. पाणी कुठे थांबले तर तिथे उतार मेला आहे. त्या डबक्यात डास होतात. तेवढ्या भागात तळाला सिमेंटचा उतार देऊन ते दुरुस्त होते, सगळी पन्हळ उकरावी लागत नाही.