लॅबचा क्यूब म्हणतो 17, स्लॅब म्हणतो 13: काँक्रीटच्या पोटातला थर्मामीटर

जानेवारीतली गोष्ट. निफाडजवळ एका घराच्या स्लॅबवर उभा होतो, स्लॅब टाकून सातवा दिवस. थंडी अशी की आजूबाजूच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवल्या होत्या. खाली मुकादम माणसं घेऊन जॅकपाशी तयार, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या हातात लॅबचा रिपोर्ट, सात दिवसांचा क्यूब, म्हणजे त्याच मालाचा चाचणीसाठी भरलेला ठोकळा, 17.6 न्यूटन. (ताकदीचं माप मेगापास्कल, त्याला साईटवर सगळे नुसतं न्यूटनच म्हणतात.) काँक्रीट एम 25, म्हणजे 28 दिवसांनी 25 न्यूटन भरायला हवं असं, आणि डिझायनरने सांगितलेलं की 17 भरल्याशिवाय सेंटरिंग, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या प्लेटा आणि टेकू, खोलायचं नाही, म्हणजे रिपोर्टप्रमाणे आम्ही पास. आणि माझ्या मोबाईलवर, त्याच स्लॅबच्या पोटात बांधलेला सेन्सर 13 दाखवत होता.

दोन्ही आकडे खरे होते. लॅबने काही चूक केली नव्हती आणि सेन्सरही बिघडला नव्हता. हे कसं काय, ते समजलं की बांधकामातलं डिजिटल तंत्रज्ञान नेमकं कशासाठी हवंय तेही समजतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण सगळे म्हणतो "स्लॅब सुकला". काँक्रीट सुकून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते, त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा अगदी बारीक, चिकट पदार्थ तयार होतो आणि तोच वाळू-खडीला धरून ठेवतो. पाणी उडून गेलं तर ही क्रिया थांबते, म्हणून तर आपण उलट पाणी मारत बसतो. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते, पायाचा जाड राफ्ट किंवा मोठा कॉलम भरल्यावर दुसऱ्या दिवशी हात लावून बघा, कोमट लागतो.

आता महत्त्वाचं म्हणजे या क्रियेचा वेग तापमानावर ठरतो. घरातलं विरजण आठवा. एप्रिलमध्ये रात्री लावलेलं दही सकाळी घट्ट, आणि जानेवारीत तेच दूध, तेच विरजण, तरी दुपारपर्यंत पाणचट, मग आई पातेलं कापडात गुंडाळून ओट्यावर कोपऱ्यात ठेवते. दही आणि सिमेंट यांचं रसायन पूर्ण वेगळं आहे, पण थंडीत दोघांचंही घड्याळ हळू चालतं. म्हणजे स्लॅबचं वय कॅलेंडरवर मोजून उपयोग नाही, किती तास किती गरम राहिला ते मोजायला पाहिजे.

हा विचार नवा अजिबात नाही. 1949 ते 1951 च्या दरम्यान ब्रिटनमध्ये नर्स आणि सॉल या संशोधकांनी, वाफेवर काँक्रीट लवकर कडक करण्याच्या कामातून, तापमान गुणिले वेळ असा हिशेब मांडला आणि सॉलने त्याला मॅच्युरिटी म्हटलं. आपण परिपक्वता म्हणू. हिशेब सोपा आहे. काँक्रीट 32 अंशावर 3 दिवस, म्हणजे 72 तास राहिलं, तर 32 गुणिले 72 म्हणजे 2304 अंश-तास झाले. तेच काँक्रीट 15 अंशावर असेल तर 3 दिवसांत फक्त 1080 होतात, आणि 2304 गाठायला जवळजवळ साडेसहा दिवस लागतात. (इथे शून्य अंशाला क्रिया थांबते असं धरलंय, मिश्रणाप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो.) पुण्यात एप्रिलमधले तीन दिवस आणि निफाडला जानेवारीतले साडेसहा, काँक्रीटच्या लेखी सारखेच.

हे कागदावरचं गणित जगाने मनावर घेतलं ते मात्र माणसं गेल्यावर. 2 मार्च 1973 ला अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे बांधकाम चालू असलेली एक उंच इमारत कोसळली, वरचे मजले भरायचं काम चालू असताना खालचे टेकू लवकर काढले होते, 14 कामगार गेले. जिथून पडायला सुरुवात झाली तो स्लॅब चार दिवसांचा होता आणि त्या चार दिवसांत हवेचं सरासरी तापमान होतं 7 अंश. मग 27 एप्रिल 1978, वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंडला वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर. तिथे मचाण जमिनीवरून उभं केलेलंच नव्हतं, ते टॉवरच्या आदल्या थरांनाच बोल्ट लावून टांगलेलं, रोज साधारण दीड मीटरचा एक थर भरायचा आणि मचाण वर सरकवायचं. आदल्या दिवशी भरलेला थर 10 अंशाच्या खालच्या गारठ्यात राहिलेला, त्याच्यात दम आलाच नव्हता, आणि त्याच्यावर भार आला. 51 माणसं मचाणासकट खाली आली. एकही वाचला नाही.

दोन्ही अपघातांचा तपास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने केला. पडलेल्या काँक्रीटमध्ये त्या क्षणी ताकद किती होती हे शोधताना मॅच्युरिटीचा जुना हिशेब पुन्हा बाहेर आला, त्यावर पद्धतशीर संशोधन झालं आणि 1987 मध्ये एएसटीएम सी 1074 हे अमेरिकन मानक निघालं. आज कॅनडाच्या गियाटेक कंपनीचा स्मार्टरॉक किंवा तसले बाकीचे सेन्सर जे मोबाईलवर ताकद दाखवतात, त्यांच्या मुळाशी हेच मानक आहे.

सेन्सर म्हणजे मुठीत मावणारी एक डबी. स्लॅब टाकायच्या आधी बायंडिंगवाला सळ्या बांधून झाला की ती सळईला बांधायची, तिच्यातून निघालेल्या वायरचं टोक काँक्रीटच्या जाडीच्या मधोमध येईल असं ठेवायचं, सळईला किंवा सेंटरिंगच्या प्लेटला टेकू द्यायचं नाही, नाहीतर लोखंडाचं तापमान घेईल. मग वरून काँक्रीट पडतं आणि डबी कायमची आत. ठरावीक मिनिटांनी ती तापमान नोंदवते आणि जवळ गेलं की ब्लूटूथवरून मोबाईलला देते.

इथे नीट लक्ष द्या, कारण विकणारे हे पटकन सांगत नाहीत. सेन्सर ताकद मोजत नाही. तो फक्त तापमान मोजतो. ताकदीचा आकडा येतो तो आधी लॅबमध्ये केलेल्या तक्त्यावरून. त्याच मिश्रणाचे निदान 15 नमुने भरायचे, 1, 3, 7, 14 आणि 28 दिवसांनी फोडायचे, तोपर्यंत किती अंश-तास झाले ते लिहायचं आणि अंश-तास व ताकद यांची आलेखावर रेघ काढायची. सिमेंट बदललं, सिमेंटमधल्या फ्लाय अॅशचं (कोळशाच्या राखेचं) प्रमाण बदललं, की नवी रेघ. म्हणजे काम सुरू व्हायच्या महिनाभर आधी तयारी पाहिजे. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते इथेच, डबीच्या किमतीपाशी नाही. मला मनापासून वाटतं की तयार काँक्रीट पुरवणाऱ्या रेडिमिक्स प्लांटने ही रेघ आपल्या प्रत्येक ग्रेडसोबत स्वतःहून द्यावी, मिश्रण त्यांचंच असतं, क्यूब ते रोज फोडतातच.

आणि दुसरं, साईटवर माल घट्ट वाटला म्हणून कुणी गाडीत दोन बादल्या पाणी ओतलं तर सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही. तापमान साधारण तेवढंच राहतं, रेघ जुनीच, आकडा छान येतो आणि काँक्रीट मात्र कच्चं. म्हणून स्लम्प (माल किती पातळ आहे ते) बघणं, क्यूब भरणं, गाडीपाशी माणूस उभा करणं यातलं काहीही सुटत नाही. त्या मानकातही हेच म्हटलंय, नुसत्या मॅच्युरिटीच्या भरवशावर मोठा निर्णय घेऊ नका, जोडीला दुसरी चाचणी ठेवा.

तर मग लॅबचे 17.6 आणि मोबाईलवरचे 13. आपल्या पद्धतीप्रमाणे क्यूब दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून 27 अंशाच्या पाण्यात ठेवतात. बरोबरच आहे, कारण क्यूब सांगतो की प्लांटने दिलेला माल चांगला होता का. पण आमचा स्लॅब त्या टाकीत नव्हता, तो उघड्यावर गार वाऱ्यात होता, आतलं सरासरी तापमान 17 च्या आसपास. क्यूबचे सात दिवस म्हणजे 4536 अंश-तास, स्लॅबचे 2856. मायलेकरं एकाच मालातली, पण लेकरू उबेत वाढलं आणि माय थंडीत कुडकुडत राहिली.

आपल्याकडच्या आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी काढायला सांगितलेत, साडेचारच्या वर 14, सहा मीटरच्या वरच्या बीमला 21. हे सगळ्या मुकादमांना पाठ असतं. पण त्याच कलमात लिहिलंय की हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी, आणि हवा 15 अंशाच्या खाली जात नसेल तेव्हाचे. आम्ही वापरलेलं सिमेंट पीपीसी, फ्लाय अॅशवालं, मुळातच सावकाश ताकद घेणारं, आणि रात्री पारा कितीतरी खाली. सात दिवस आमच्यासाठी नव्हतेच.

कॉन्ट्रॅक्टरची अडचणही खरी होती, प्लेटा आणि जॅक भाड्याचे, रोजचं भाडं चालू, पुढची साईट वाट बघतेय. त्याला म्हटलं, उन्हाळ्यात हाच सेन्सर तुला दोन दिवस आधी खोल म्हणेल तेव्हा मी अडवणार नाही. मुकादम मात्र काही न बोलता वर आला, हातोडीने स्लॅबच्या कडेला दोनतीनदा वाजवून कान लावला, मग मधे वाजवलं, आणि म्हणाला, "कडेला अजून बद्द वाजतंय साहेब." सेन्सर आम्ही त्याच कडेला बांधला होता, उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे शेवटची गाडी ओतली होती. वारा थेट तिकडून, आणि माल सगळ्यात उशिरा पडलेला, म्हणजे अख्ख्या स्लॅबमधली सगळ्यात कमी वयाची आणि सगळ्यात गार जागा तीच. सेन्सर नेहमी अशाच जागी बांधायचा, स्लॅबच्या मध्यभागी बांधला तर तो आपल्याला आवडेल तोच आकडा दाखवतो.

त्या दिवशी गोणपाटं अजून थोडी अंथरली, पाणी चालू ठेवलं आणि माणसं परत पाठवली. अकराव्या दिवशी दुपारी मोबाईलवर 17.4 आलं. स्लॅबशेजारीच, त्याच थंडीत गोणपाटाखाली ठेवलेले तीन क्यूब लॅबला पाठवले होते, त्यांची सरासरी 17.9 आली. मग मुकादमाने खोलायला घेतलं, गाळ्याच्या मधल्या जॅकपासून सुरुवात करून दोन्ही बीमकडे सरकत, एकेक फेरी सैल करत, आणि बाल्कनीचा भाग उलटा, बाहेरच्या टोकाकडून आत.