हिरव्या खोक्यातला रोल आणि कोविडची गोळी

कोविडच्या काळात 'फॅबिफ्लू' हे नाव डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर सर्रास दिसू लागलं. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने जून २०२० मध्ये ही गोळी बाजारात आणली. कोविडवर तिचा फारसा उपयोग होत नाही असं पुढे चाचण्यांतून दिसलं, पण तो विषय वेगळा. त्या गोळीतलं फॅविपिराविर हे मूळ औषध जपानच्या तोयामा केमिकलने शोधलेलं, आणि ही तोयामा केमिकल २००८ पासून फुजीफिल्मच्या ताब्यात. होय, तीच फुजी. लग्नात, सहलीत, बारशाला जिचा ३६ फोटोंचा फिल्म-रोल हिरव्या खोक्यातून निघायचा आणि शेवटचे दोन फोटो 'वाया जायला नकोत' म्हणून घरातल्या मांजरावर खर्च व्हायचे, ती.

रोल बनवणारी कंपनी औषधांपर्यंत पोचली कशी?

धंद्यात दोन पातळ्यांवर विचार चालतो. शेजारच्या कंपनीच्या साबणापेक्षा आपला साबण जास्त कसा खपवायचा, ही खालची पातळी. त्यासाठी किंमत, जाहिरात, दुकानदाराचं कमिशन असली हत्यारं असतात. आपण साबणच का विकायचा, त्याच्या जोडीला आणखी काय करायचं, काय बंद करायचं आणि एका धंद्यात कमावलेला पैसा दुसऱ्या कुठल्या धंद्यात ओतायचा, ही वरची पातळी. व्यवस्थापनशास्त्रात तिला कॉर्पोरेट पातळीची रणनीती म्हणतात. हा निर्णय विक्री विभाग घेऊ शकत नाही. तो मुख्यालयातच होतो, आणि चुकला तर दुरुस्त करायला दहा-दहा वर्षं लागतात.

फिल्म बनवणारी अमेरिकेची कोडॅक आणि जपानची फुजी या दोघांपुढेही २००० च्या सुमारास हाच प्रश्न उभा होता. रंगीत फिल्मचा जागतिक खप त्या वर्षी शिखरावर होता. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे पुढच्या दहा वर्षांत तो दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेला. फुजीच्या नफ्यातला सुमारे दोन-तृतीयांश वाटा तेव्हा फोटोग्राफीतून येत होता.

कोडॅकला भविष्य दिसलं नाही, ही गोष्ट आपण इतकी ऐकली आहे की ती खरीच वाटते. पण पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने जुळवला होता. सुमारे साडेतीन किलो वजनाचं ते धूड एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरवायला २३ सेकंद घेई. म्हणजे दिसत दोघांनाही होतं. अडचण होती ती फिल्मच्या नफ्याची. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने १९७० च्या सुमारास कंपनीतल्या धंद्यांची चार खणांत वाटणी करायची एक पद्धत रूढ केली. वाढ थांबलेला, पण बाजारात पकड असलेला आणि भरपूर रोकड देणारा धंदा तिच्यात 'दुभती गाय' ठरतो. त्या गाईचं दूध काढून नव्या वासरांना पाजावं, असा त्यातला सल्ला. आपल्याकडची म्हण मात्र जास्त खरी: दुभत्या गाईच्या लाथा गोड. गाय आटत चालली आहे हे कळत असूनही गोठा सोडवत नाही.

फुजीत शिगेताका कोमोरी २००० मध्ये अध्यक्ष झाले. त्यांनी आधी अभियंत्यांना घरातल्या तंत्रज्ञानाची मोजदाद करायला लावली. मग एका चौकोनाच्या दोन बाजू घेतल्या: तंत्रज्ञान जुनं की नवं, बाजार जुना की नवा. चौकोन मुळात व्यवस्थापनतज्ज्ञ इगॉर अ‍ॅन्सॉफ यांचा, १९५७ सालचा. त्यांच्या मांडणीत तंत्रज्ञानाच्या जागी उत्पादन होतं. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. 'आपण काय विकतो?' याचं उत्तर फिल्म. 'आपल्याला काय येतं?' याचं उत्तर बरंच लांबलचक निघालं.

रंगीत फिल्म ही दिसायला साधी पट्टी, पण तिच्या पायावर १५-२० थर चढवलेले असतात आणि ते सगळे मिळून माणसाच्या केसाहूनही पातळ भरतात. थर जिलेटिनचे, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातल्या कोलॅजेनवर प्रक्रिया करून मिळणारं प्रथिन. आपल्या त्वचेचा सांगाडाही कोलॅजेनचाच. जुने फोटो फिके पडण्यामागे ऑक्सिडेशन हे एक कारण असतं, आणि त्वचा वयाआधी सुरकुतते तीतही ऑक्सिडेशनचा हात असतो. फिल्ममध्ये रंग घडवणारी तेलकट रसायनं अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात जिलेटिनमध्ये पसरवावी लागतात. हेच कसब वापरून फुजीने कोळंबी आणि सॅमन माशाला लाली देणारं, ऑक्सिडेशन रोखणारं अ‍ॅस्टाझँथिन हे द्रव्य क्रीममध्ये मिसळलं आणि २००७ मध्ये 'अ‍ॅस्टालिफ्ट' नावाने सौंदर्यप्रसाधनं काढली. लोक हसले असतील, पण त्यामागचं रसायनशास्त्र घरचंच होतं.

पैशाच्या दृष्टीने खरा डाव दुसराच होता. फिल्मचा पारदर्शक पाया ट्रायअ‍ॅसिटाइल सेल्युलोजचा असतो. एलसीडी पडद्यात प्रकाश गाळणारा ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा (ध्रुवीकृत) प्रकाश पुढे सोडणारी पट्टी असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना संरक्षक म्हणून हाच पदार्थ लावतात, कारण तो काचेसारखा स्वच्छ असून आरपार जाणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशाला जवळपास छेडत नाही. घरोघरी सपाट टीव्ही येणार हे ओळखून फुजीने जपानमधल्या कुमामोतोत नवा कारखाना उभारला. रोल विकणं थांबत आलं आणि रोलचा पाया टीव्हीत जाऊन बसला.

यात नशीबही होतं. अमेरिकेची झेरॉक्स अडचणीत असताना २००१ मध्ये फुजीने दोघींच्या भागीदारीतल्या फुजी झेरॉक्समधला आपला वाटा ५० वरून ७५ टक्क्यांवर नेला, त्यामुळे पडत्या काळात कॉपियरची कमाई हाताशी राहिली. आणि कटू निर्णयही होते: फोटोग्राफी विभागातल्या सुमारे ५,००० नोकऱ्या गेल्या. यशोगाथा सांगताना हे वाक्य बहुधा गाळलं जातं.

कोडॅकनेही हातपाय पसरले होते, तेही फुजीच्या वीस वर्षं आधी. १९८८ मध्ये त्यांनी ५.१ अब्ज डॉलर मोजून स्टर्लिंग ड्रग ही औषधकंपनी घेतली. जम बसेना आणि कर्जाचा बोजा वाढला, तेव्हा १९९४ मध्ये ती तुकड्यातुकड्यांनी विकली. त्याच वर्षी टेनेसीतल्या किंग्सपोर्टची ईस्टमन केमिकल वेगळी काढली. फिल्मसाठी लागणारी रसायनं बनवायला १९२० मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनीच ती सुरू केली होती, आणि सेल्युलोजची रसायनं हा तिचा हातखंडा. म्हणजे फुजीने ज्या ज्ञानातून टीव्हीच्या पडद्यात शिरकाव केला, त्याच जातीचं ज्ञान कोडॅकने घराबाहेर काढलं. २००७ मध्ये क्ष-किरणांसह सगळा वैद्यकीय प्रतिमांचा विभागही विकला. फुजीने १९८३ मध्येच डिजिटल क्ष-किरण यंत्र बाजारात आणलं होतं, आणि तो धंदा ती वाढवतच राहिली.

त्या त्या वेळी कोडॅकचा प्रत्येक निर्णय कागदावर शहाणपणाचा होता हेही सांगायला हवं. 'मूळ धंद्यावर लक्ष द्या, बाकीचं विका,' हाच त्या काळातल्या गुंतवणूकदारांचा जप होता. मूळ धंदा म्हणजे नेमका कोणता, यावर मात्र गाडी अडली. १९ जानेवारी २०१२ रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. वेगळी काढलेली ईस्टमन केमिकल आजही किंग्सपोर्टमध्ये चालू आहे.

दिवाळखोरीतून लहान होऊन बाहेर पडलेल्या कोडॅकची एक बातमी जुलै २०२० मध्ये आली, आपल्याकडे फॅबिफ्लू येऊन महिना उलटला होता तेव्हा. अमेरिकी सरकारकडून ७६.५ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन कोडॅक औषधांचा कच्चा माल बनवणार होती. दोन-अडीच डॉलरचा शेअर दोन दिवसांत काही क्षणांसाठी ६० डॉलरपर्यंत चढला. ऑगस्टमध्ये ते कर्ज अडकून पडलं.