नेत्रगोल काढण्याची शस्त्रक्रिया (पाळीव प्राणी)

कुत्रा, मांजर वा अन्य पाळीव प्राण्याचा निकामी झालेला, दुखरा डोळा कायमचा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. पशुवैद्य तिला एन्युक्लिएशन म्हणतात. दृष्टी वाचण्याची आशा संपली आणि औषधांनी वेदनाही आटोक्यात येत नाही, तेव्हाच हा मार्ग धरतात. नजर गेली, पण डोळा दुखत नाही आणि त्यात गाठ वा जंतुसंसर्गही नाही, तर तो सहसा तसाच ठेवला जातो.

कुत्र्यांत काचबिंदू हे मोठे कारण. बीगल व कॉकर स्पॅनियल या जातींत तो अधिक. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यातील दाब साधारण १० ते २५ मिमी पारा असतो. तो बराच वाढून राहिला की दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) मरते आणि डोके सतत ठणकते. कुत्रा मात्र कण्हत नाही. तो नुसता जास्त झोपतो, खेळणे सोडतो. घरची माणसे ‘म्हातारा झाला’ म्हणतात आणि इथेच महिने वाया जातात.

पग, शिहत्झू या जातींच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. झटापटीत त्यांचा डोळा बाहेर येऊ शकतो. असे झाल्यास तो घरी आत ढकलू नये. सलाइनने किंवा स्वच्छ ओल्या कापडाने ओला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. वेळेत पोहोचल्यास डोळा कधी कधी वाचतो.

गोव्यात मासळीबाजारांच्या आणि जेटींच्या आसपास वाढणाऱ्या मांजरांच्या पिल्लांत चित्र वेगळे दिसते. हर्पिस विषाणूच्या सर्दीने डोळे चिकटतात, बुबुळावर व्रण होतो, फूल पडते आणि उपचार लांबला तर बुबुळ फुटते. अशा वेळी घरात उरलेले माणसांचे थेंब घालण्याची सवय घातक ठरते, कारण त्यात स्टेरॉइड असले तर व्रण आणखी खोल जातो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच देऊ नये. त्याने ते दगावू शकते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. नेत्रगोलासोबत तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा), नेत्रश्लेष्मला (पापण्यांच्या आतले पातळ अस्तर) आणि पापण्यांच्या कडा काढतात व पापण्या कायमच्या शिवून टाकतात. जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर पापण्या आधी शिवून डोळा बाहेरून सोडवत आणतात, म्हणजे आतले जंतू वा गाठीच्या पेशी जखमेत पसरत नाहीत. शल्यवैद्याचे खरे कसब ओढ न देण्यात आहे. मांजराची दृष्टिचेता आखूड असते. डोळा जोरात ओढला तर ताण दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता जिथे मिळतात त्या जोडापर्यंत जाऊन दुसरा, चांगला डोळाही आंधळा होऊ शकतो. शिवाय डोळ्यावर ओढ पडली की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून भूल देणाऱ्याची नजर सतत ठोक्यांवर हवी. गाठीची शंका असेल तर काढलेला डोळा तपासणीला पाठवणे टाळू नये.

पहिले काही दिवस त्या बाजूच्या नाकपुडीतून थोडे लालसर पाणी येते. डोळा आणि नाक जोडणारी नळी आत मोकळी असल्याने ते होते, घाबरू नये. टाके १० ते १४ दिवसांत काढतात, तोवर जखम खाजवू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी संरक्षक कॉलर हवीच. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने जखम सुकायला वेळ लागतो आणि माशा बसून अळ्या पडण्याचा धोका राहतो. म्हणून प्राण्याला अंगणात वा पडवीत न ठेवता घरात, कोरड्या जागी ठेवावे.

‘चेहरा विद्रूप होईल’ या भीतीने मालक बराच काळ अडून बसतात. ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती माणसाची आहे. जनावराला आरसा नसतो, त्याला फक्त ठणका असतो. तो थांबला की कुत्रा पुन्हा जेवतो, दारात शेपूट हलवत येतो. एका डोळ्यावर प्राणी लवकर रुळतो. त्याच्या आंधळ्या बाजूने जाताना आधी हाक मारावी, नाहीतर तो दचकून चावू शकतो. दोन्ही डोळे काढावे लागले तरी वास आणि कान यांवर कुत्रा घरात वावरतो. मात्र सामानाच्या जागा बदलू नयेत आणि परसातल्या विहिरीवर जाळी घालावी.