डोनाल्ड डकची जुनी कॉमिक्स वॉल्ट डिस्नेंनी काढलेली नाहीत

मुखपृष्ठावर डिस्नेंचं नाव, म्हणून आतली चित्रंही त्यांचीच, हा समज चुकीचा आहे. तेव्हा त्या अंकांत चित्रकारांची नावं छापत नसत.

डोनाल्डच्या गाजलेल्या दहापानी गोष्टी कार्ल बार्क्स यांच्या. १९४३पासून १९६६मध्ये निवृत्त होईपर्यंत बहुतेक गोष्टी त्यांनीच लिहिल्या आणि काढल्या. डोनाल्डचा श्रीमंत, कंजूष मामा अंकल स्क्रूज हाही त्यांचाच, १९४७चा. नाव ठाऊक नसल्यानं वाचक त्यांना ‘चांगला बदक-चित्रकार’ म्हणत. किती नेमकं!

बार्क्स यांच्या गोष्टींतली फजिती नुसत्या पडण्या-आपटण्यावर थांबत नाही. पानात साधारण आठ चौकटी; डोनाल्ड फुशारकीनं काम हाती घेतो, बारीकशी चूक होते, ती झाकताना दुसरी मोठी होते आणि शेवटच्या पानावर सगळं कोसळतं. डोनाल्डच्या तीन भाच्यांना ते आधीच दिसलेलं असतं.